लोह किती आणि लोह कुठे



अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या वॉर्डाबाहेर बसलेल्या नातेवाइकांच्या तोंडी एकच प्रश्न असतो: आज काउंट किती आला? प्रश्न रास्त आहे. ल्युकेमियाचा पेशंट असो की थॅलेसेमियाचे मूल, आधी जबर किमो देऊन त्याची स्वतःची मज्जा नष्ट करतात, मग दात्याच्या मूळपेशी शिरेतून सोडतात. त्या हाडांत रुजून कामाला लागेपर्यंत दोन ते चार आठवडे जातात. तेवढे दिवस रक्तात पांढऱ्या पेशी जवळजवळ नसतात; काउंट म्हणजे त्यांचाच आकडा. एरवी शरीर ज्यांना दाद देत नाही असे त्वचेवरचे आणि आतड्यातले जंतू, हवेतले बुरशीचे बीजाणू, या दिवसांत जिवावर उठतात. म्हणून गाळलेली हवा, उकळलेले पाणी, भेटायला येणाऱ्यांवर बंदी. हा सारा बंदोबस्त जंतूला बाहेर ठेवण्याचा आणि पांढऱ्या पेशींची वाट पाहण्याचा असतो. मला आज बोलायचे आहे ते त्याच आठवड्यांतल्या तिसऱ्या एका बाबीबद्दल: बंदोबस्त चुकवून आत शिरलेल्या जंतूला वाढायला काय मिळते? त्याला हवी असलेली आणि माणसाच्या शरीरात सहसा न मिळणारी वस्तू म्हणजे लोह. आणि प्रत्यारोपणाला येणाऱ्या पेशंटच्या अंगात ते बहुधा गरजेपेक्षा कितीतरी जास्त असते.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. लोह जास्त तर संसर्ग जास्त, हे ढोबळ मानाने खरे आहे. पण ज्या आकड्याच्या जोरावर ते आजवर मांडले गेले तो आकडा, म्हणजे फेरिटिन (लोह साठवणाऱ्या प्रथिनाची रक्तातली पातळी), या प्रश्नाचा साक्षीदार व्हायला लायक नाही. संसर्गाच्या दृष्टीने अंगात एकूण किती लोह साठले आहे याला दुय्यम महत्त्व आहे. त्या दोन-चार आठवड्यांत रक्तद्रवात कुणाच्याच ताब्यात नसलेले, मोकळे लोह किती आहे, ते निर्णायक ठरते. हे मान्य केले तर लोह केव्हा काढायचे, केव्हा त्याला हात लावायचा नाही आणि कोणती तपासणी करायची, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आजच्या रिवाजापेक्षा वेगळी येतात.

आधी हिशेब. धडधाकट माणसाच्या शरीरात तीन ते चार ग्रॅम लोह असते. अन्नातून रोज एक ते दोन मिलिग्रॅम आत येते आणि झडणाऱ्या पेशींवाटे तेवढेच बाहेर जाते. जास्त झालेले लोह मुद्दाम बाहेर टाकण्याची कोणतीही सोय शरीरात नाही, मूत्रपिंडात नाही आणि यकृतातही नाही. जे नियंत्रण आहे ते आत येणाऱ्या वाटेवर: यकृत हेप्सिडिन नावाचे संप्रेरक सोडते आणि त्यामुळे आतड्याच्या आणि भक्षकपेशींच्या अंगावरची लोह बाहेर सोडणारी दारे मिटतात. हेप्सिडिनचा शोध २०००च्या आसपासचा, म्हणजे अगदी अलीकडचा. रक्ताची पिशवी मात्र ही वाट टाळून थेट शिरेत जाते. एका पिशवीत २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असते, म्हणजे अन्नातून चार-सहा महिन्यांत जेवढे येईल तेवढे एका दुपारी. वीस पिशव्या चढल्या की शरीरातले लोह दुप्पट झाले. ल्युकेमियाच्या उपचारात वीस पिशव्या ही काही अपवादाची गोष्ट नाही, आणि थॅलेसेमियाच्या मुलाला तर सहा महिन्यांचे असल्यापासून दर तीन-चार आठवड्यांनी रक्त लागते. हे लोह आधी भक्षकपेशींत, मग यकृतात, पुढे हृदयात आणि अंतःस्रावी ग्रंथींत साठत जाते.

जंतूंचा आणि लोहाचा संबंध आधुनिक प्रयोगशाळेच्या आधीपासून लोकांच्या लक्षात आलेला आहे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसचे आर्मां ट्रूसो आपल्या विद्यार्थ्यांना क्षयाच्या रुग्णाला लोहाची औषधे देऊ नका असे बजावत असत. त्यामागचे कारण कळायला १९४४ साल उजाडले. शेड आणि कॅरोलाइन या दोघांना दिसले की अंड्याच्या पांढऱ्या बलकात जंतू वाढत नाहीत, पण त्यात लोह घातले की वाढू लागतात. दोन वर्षांनी त्यांनी माणसाच्या रक्तद्रवातही तसेच लोह पकडून ठेवणारे प्रथिन दाखवले. तेच ट्रान्सफेरिन. निरोगी माणसात त्याच्या जागांपैकी सुमारे एक तृतीयांशच भरलेल्या असतात, उरलेल्या रिकाम्या असतात, आणि त्यामुळे रक्तद्रवात मोकळे लोह व्यवहारात शून्य असते. जंतूही स्वस्थ बसत नाहीत. ते लोह ओढून आणणारी स्वतःची रसायने, सिडेरोफोर, बाहेर सोडतात. त्यावर आपल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी लिपोकॅलिन नावाचे प्रथिन सोडून ती रसायनेच अडवतात, आणि लॅक्टोफेरिन सोडून जखमेच्या जागचे उरलेसुरले लोह उचलतात. काउंट शून्यावर येतो तेव्हा जंतू गिळणाऱ्या पेशी जातात हे सगळ्यांना ठाऊक असते. त्यांच्याबरोबर लोहावरचा हा पहाराही उठतो, हे सहसा कुणी बोलून दाखवत नाही.

लोहाने काय होऊ शकते याचे एक उदाहरण जरा तपशिलात पाहण्यासारखे आहे. सप्टेंबर २००९मध्ये शिकागो विद्यापीठातला साठ वर्षांचा एक संशोधक प्लेगने दगावला. तो ज्या प्लेगच्या जंतूंवर काम करत होता त्यांचा वाण मुद्दाम दुबळा केलेला होता. रक्तातून लोह मिळवण्याची जनुकेच त्याच्यातून गेलेली होती. लोहाविना तो माणसात वाढणार नाही या भरवशावर त्याला धोकादायक जंतूंच्या कडक नियमांतून सूट होती. मृत्यूनंतरच्या तपासणीत कळले की त्या संशोधकाला आनुवंशिक हिमोक्रोमॅटोसिस होता, म्हणजे जन्मभर लोह साठत जाण्याचा विकार, आणि तो त्याच्या हयातीत ओळखला गेला नव्हता. जंतूकडे लोह मिळवण्याचे साधन नव्हते, पण या माणसाच्या शरीरात त्याला त्याची गरजच पडली नसावी, असा तर्क तपास करणाऱ्यांनी मांडला. एका घटनेवरून नियम बांधू नये हे मला मान्य आहे. त्याच हिमोक्रोमॅटोसिसच्या लोकांना समुद्री शिंपल्यांतल्या व्हिब्रिओ व्हल्निफिकस या जंतूचा जीवघेणा संसर्ग होतो, हे मात्र अनेक देशांत पुन्हापुन्हा नोंदले गेले आहे.

आता प्रत्यारोपणाकडे येऊ. माझ्या मते लोहाच्या चर्चेत सर्वांत दुर्लक्षित राहिलेली गोष्ट इथे आहे. आपल्या शरीरात रोज म्हाताऱ्या तांबड्या पेशी मोडतात आणि त्यांतून २० ते २५ मिलिग्रॅम लोह रक्तद्रवात येते. ते सगळे मज्जा उचलते आणि नव्या तांबड्या पेशींत घालते. कोणत्याही क्षणी रक्तद्रवातल्या ट्रान्सफेरिनवर जेमतेम तीन मिलिग्रॅम लोह बसलेले असते आणि आणखी सहा-सात मिलिग्रॅमची जागा रिकामी असते. किमोने मज्जा मारली की उचलणारे कुणी उरत नाही, पण येणारे लोह येतच राहते. वाशीची बाजार समिती बंद असताना नाशिक-जुन्नरकडच्या मालाच्या गाड्या मात्र ठरल्या वेळी येत राहाव्यात, तशी ही अवस्था. कागदावर हिशेब केला तर रिकामी जागा सहा-सात तासांत भरते. प्रत्यक्षात यकृत बरेचसे ओढून घेते आणि मज्जाही एका क्षणात बंद पडत नाही, म्हणून थोडा अधिक वेळ लागतो. पण किमो सुरू झाल्यावर काही दिवसांतच ट्रान्सफेरिन ८०-९० टक्के भरते आणि मोकळे लोह रक्तात दिसू लागते, हे अनेक केंद्रांनी मोजून दाखवले आहे. ज्याला आयुष्यात फारसे रक्त चढलेले नाही अशा पेशंटमध्येही हे घडते. साठा मोठा असेल तर भर पडते ती अशी की यकृताची ओढून घेण्याची ताकद आधीच संपलेली असते, आणि मोकळे लोह जास्त काळ, जास्त प्रमाणात राहते. साठ्याचा संसर्गाशी जो काही संबंध आहे, तो मुख्यतः या वाटेने आहे असे मला वाटते.

हेलसिंकीतल्या संशोधकांनी नेमके हेच तपासले. स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस हा त्वचेवरचा साधा जंतू. प्रत्यारोपणाच्या पेशंटच्या छातीतल्या सेंट्रल लाइनमधून रक्तात शिरणाऱ्यांत तो नेहमीचा. पेशंटच्या रक्तद्रवात तो वाढवून पाहिला तर ट्रान्सफेरिनच्या जागा रिकाम्या असेपर्यंत तो वाढेना. त्या भरल्या आणि मोकळे लोह आले की वाढू लागला. रिकामे ट्रान्सफेरिन बाहेरून घातले की पुन्हा थांबला. त्यांनी ते पेशंटना शिरेतून देऊनही पाहिले. मोकळे लोह नाहीसे झाले, पण थोड्याच काळापुरते, कारण गाड्या थांबत नाहीत. रुग्णालयांतल्या मोठ्या पाहण्यांनीही याच दिशेला बोट दाखवले. अमेरिकेत आर्कान्सामध्ये स्वतःच्याच मूळपेशी परत घेतलेल्या मायलोमाच्या (मज्जेच्या एका कर्करोगाच्या) ३६७ रुग्णांच्या पाहणीत, २००६ साली, मज्जेतले वाढलेले लोह ही गंभीर संसर्गाची प्रमुख जोखीम म्हणून पुढे आली. पुढच्या वर्षी मज्जेतल्या लोहाचा ॲस्परजिलस बुरशीशी असाच संबंध दाखवला गेला. त्याच वर्षी बॉस्टनच्या पाहणीत प्रत्यारोपणापूर्वी फेरिटिन मोजलेल्या ५९० रुग्णांपैकी ज्यांचे फेरिटिन सर्वांत वरच्या चौथाईत, २५००च्या वर होते, त्यांचे जगण्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या कमी निघाले. इथून फेरिटिनची चलती सुरू झाली. आजही थॅलेसेमियाच्या मुलांच्या आया एकमेकींना भेटल्यावर विचारतात ते हेच: फेरिटिन किती आलं?

इथे पहिला आणि सर्वांत भक्कम आक्षेप उभा राहतो, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. फेरिटिन लोहाबरोबर वाढते, तसेच ते तापाने, दाहाने, यकृताच्या दुखण्याने आणि खुद्द कर्करोगानेही वाढते. ज्याचा आजार जास्त चिवट, ज्याला जास्त किमो झाली, ज्याला आधीच दोन वेळा संसर्ग होऊन गेला, त्याचे फेरिटिन जास्त असणारच. त्याला रक्तही जास्त चढलेले असणार, आणि तो प्रत्यारोपणानंतर जास्त आजारी पडणार. मग दोष लोहाचा की आजाराचा? हा प्रश्न सोडवायचा तर दाहाने न फसणारे मोजमाप हवे, आणि ते यकृताच्या एमआरआयने मिळते. मिनेसोटात ८८ रुग्णांचे यकृतातले लोह एमआरआयने मोजून त्यांचा पाठपुरावा केला, २०१३ साली. जास्त लोहवाल्यांत मृत्यू वाढलेले दिसले नाहीत. पुढच्या वर्षी चार अभ्यासांतल्या २७६ रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली, त्यातही यकृतातल्या लोहाचा मृत्यूशी ठाम संबंध निघाला नाही. फेरिटिनचा मात्र निघाला. गंमत अशी की या एकत्रित अभ्यासामागे तीच बॉस्टनची मंडळी होती, ज्यांनी सात वर्षांपूर्वी फेरिटिनचा मुद्दा पुढे आणला होता. स्वतःच्याच निष्कर्षाची अशी उलटतपासणी करणे हे वैद्यकात जितके व्हायला हवे तितके होत नाही.

या निकालांवरून अनेकांनी काढलेला अर्थ असा की लोहाचे प्रकरण मिटले, ती केवळ सावली होती. मला हा अर्थ घाईचा वाटतो. फेरिटिन दाहाची भेसळ झालेला आकडा आहे, हे खरेच. पण एमआरआय जे अचूक मोजतो, ते यकृतात बांधून ठेवलेले लोह असते. जंतूला त्याचा उपयोग नाही. साठा मोजून मोकळ्या लोहाबद्दल निकाल देता येत नाही. दोन्ही बाजूंनी वाद घातला तो भलत्याच दोन आकड्यांवर. खरा आकडा मोजण्याचा प्रयत्न जर्मनीतल्या अनेक केंद्रांनी मिळून केला आणि २०१८ साली प्रसिद्ध केला. तीव्र मायलॉइड ल्युकेमिया किंवा मायलोडिस्प्लेशियाच्या ११२ रुग्णांत त्यांनी किमोपूर्वी यकृताचा एमआरआय तर केलाच, शिवाय रक्तद्रवातले मोकळे, क्रियाशील लोहही मोजले. ज्यांच्यात ते आधीपासूनच वाढलेले होते त्यांच्यात, मूळ आजार उलटल्याखेरीज अन्य कारणांनी पहिल्या शंभर दिवसांत होणारे मृत्यू चौपटीच्या घरात निघाले. ते सगळे मृत्यू संसर्गाचे नव्हते, हे इथेच सांगायला हवे. मोकळे लोह पेशींनाही जाळते, आतड्याच्या अस्तरालाही इजा करते. पण त्या इजा झालेल्या अस्तरातूनच जंतू रक्तात शिरतात, त्यामुळे या दोन गोष्टी मला फार वेगळ्या वाटत नाहीत. उंदरांवरच्या प्रयोगांनी हा धागा आणखी घट्ट केला आहे. हेप्सिडिन नसलेले, लोहाने भरलेले उंदीर येर्सिनिया या जंतूच्या संसर्गाने पटापट मरतात. त्यांना हेप्सिडिनसारखे काम करणारे औषध दिले की रक्तातले मोकळे लोह पेशींत मागे फिरते आणि ते वाचतात. शरीरातले एकूण लोह या औषधाने बाहेर पडत नाही, त्याची फक्त जागा बदलते.

माझ्या मांडणीला एक हद्द आहे. क्षयाचा किंवा टायफॉइडचा जंतू भक्षकपेशीच्या आतच राहतो. लोह पेशींत ढकलले तर अशा जंतूला ते उलट हाताशी येते. भारतातल्या प्रत्यारोपण केंद्रांना सुप्त क्षय उलटण्याची भीती नेहमी असते, म्हणून पाश्चात्त्य आकडे इथे जसेच्या तसे लागू करताना जपून राहावे लागेल. दुसरी हद्द थॅलेसेमियाची. तिथे साठा स्वतःच घातक असतो. इटलीत पेसारो इथे ग्विदो लुकारेली यांनी १९८०च्या दशकात शेकडो मुलांची प्रत्यारोपणे केली आणि मुलांचे तीन वर्ग पाडले. कसोट्या तीन होत्या: यकृत वाढले आहे का, त्यात तंतू पडले आहेत का, आणि लोह काढण्याचे औषध आजवर नियमित मिळाले का. तिन्ही बाबतींत वाईट ते तिसऱ्या वर्गात, आणि त्यांचे निकाल सर्वांत वाईट. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या डॉक्टरांनी पुढे दाखवले की भारतात या तिसऱ्या वर्गाच्या आतही आणखी एक गट पडतो: वय सात वर्षे किंवा जास्त, आणि यकृत बरगडीखाली पाच सेंटिमीटर किंवा जास्त उतरलेले. या मुलांचा धोका इतरांहून फार मोठा होता. लुकारेलींच्या तिसऱ्या कसोटीकडे पाहा. लोह किती आहे हे त्यात विचारलेलेच नाही, औषध नियमित मिळाले का एवढेच विचारले आहे. वर्षानुवर्षे मोकळे लोह यकृताला जाळत राहिले का, असाच त्याचा अर्थ होतो.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा: लोह घातक असेल तर त्या आठवड्यांत औषधाने ते काढून का टाकत नाही? ऐकायला सरळ आहे. पण लोह काढणारे सर्वांत जुने औषध, डेस्फेरॉक्झामिन, मुळात एका जंतूचे सिडेरोफोर आहे. स्ट्रेप्टोमायसिस पिलोसस या मातीतल्या जंतूपासून ते मिळवले. थॅलेसेमियाची मुले रात्री पोटाच्या कातडीखाली सुई टोचून आठ-दहा तास पंपाने जे घेत, ते हेच. येर्सिनिया एंटेरोकोलिटिकाला हे औषध आयते वाहन म्हणून वापरता येते, आणि ते घेणाऱ्या मुलांत पोटदुखी-ताप आला की औषध लगेच थांबवा अशी सूचना त्यामुळेच देतात. म्युकरच्या बुरशीलाही ते चालते, हे १९८०च्या दशकात डायलिसिसवरच्या रुग्णांत दिसून आले. नंतरची औषधे अशी वाहने होत नाहीत. डेफेरिप्रोनची गोळी तर मुंबईच्या सिप्लाने केल्फर या नावाने युरोप-अमेरिकेच्या आधी, १९९०च्या दशकाच्या मध्यात बाजारात आणली आणि पंप न परवडणाऱ्या घरांना पहिल्यांदा पर्याय मिळाला. पण तिने क्वचित पांढऱ्या पेशी एकाएकी खाली येतात, तेव्हा काउंटची वाट पाहणाऱ्याला ती देणे धाडसाचे. डेफेरासिरॉक्स मूत्रपिंडावर ताण देते, आणि प्रत्यारोपणात प्रतिकारशक्ती दाबणारे सायक्लोस्पोरिन तोच ताण आधीच देत असते. त्याच डेफेरासिरॉक्सचा म्युकरवर प्रत्यक्ष प्रयोग झाला. प्राण्यांत उत्तम निकाल आले म्हणून वीस रुग्णांत बुरशीच्या औषधाच्या जोडीला ते देऊन पाहिले. तीन महिन्यांत औषध मिळालेल्यांपैकी ८२ टक्के आणि न मिळालेल्यांपैकी २२ टक्के दगावले. दोन गट सारखे नव्हते, औषधाच्या गटात रक्ताचे कर्करोग अधिक होते, म्हणून दोष औषधाचाच असे म्हणता येत नाही. पण संकटाच्या ऐन वेळी लोह काढायला धावावे असा आधार मात्र त्यातून मुळीच मिळत नाही.

म्युकरचा उल्लेख आला की इथे बसलेल्यांना २०२१चा उन्हाळा आठवणार. काळ्या बुरशीचे सर्वाधिक रुग्ण महाराष्ट्रात आणि गुजरातेत होते. त्यांतल्या बहुतेकांना मधुमेह होता आणि स्टेरॉइड मिळालेले होते. मधुमेह बेताबाहेर जाऊन रक्त आम्ल झाले की ट्रान्सफेरिनची पकड सुटते आणि मोकळे लोह वाढते. बुरशीला तेवढे पुरते. अंगातले लोह तसूभरही न वाढता हे घडते, हे इथे ध्यानात घ्यावे. त्या दिवसांत कोविडच्या रुग्णांचे फेरिटिन हजाराच्या घरात दिसले की अंगात लोह साठले, लोहाच्या गोळ्यांनी बुरशी आली, अशा चर्चा झाल्या. ते फेरिटिन मुख्यतः दाहाचे होते. प्रत्यारोपणाच्या क्षेत्रात झालेला गोंधळच तिथे मोठ्या प्रमाणावर झाला.

मग रक्तच कमी चढवावे का? ज्यांच्या बाबतीत शक्य आहे त्यांच्यासाठी माझे उत्तर होकारार्थी आहे. कॅनडात प्रत्यारोपणाच्या ३०० रुग्णांवर एक चाचणी झाली, २०२० साली तिचे निकाल आले. एका गटाला हिमोग्लोबिन ७च्या खाली गेल्यावर रक्त दिले, दुसऱ्याला ९च्या खाली गेल्यावर. पहिल्या गटाला बऱ्याच कमी पिशव्या लागल्या आणि त्यांचे काही बिघडले नाही. त्या चाचणीने संसर्ग कमी झाले असे सिद्ध झाले नाही. मात्र नेहमीच्या सवयीने चढवलेल्या पिशव्यांपैकी बऱ्याच अनावश्यक असतात, एवढे तिने नक्की दाखवले. थॅलेसेमियाच्या मुलाला हा नियम लावता येत नाही. त्याचे हिमोग्लोबिन साडेनऊच्या खाली जाऊ दिले तर त्याची बिघडलेली मज्जा फुगते, हाडे वेडीवाकडी होतात आणि आतडे उलट जास्त लोह शोषू लागते. त्याच्यासाठी उपाय एकच: दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून लोह काढण्याचे औषध चुकवायचे नाही, आणि दाता जुळत असेल तर सातव्या वर्षाची वाट पाहायची नाही. मुंबईत टाटा रुग्णालयात देशातले पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण १९८३ साली झाले. चाळीस वर्षांनंतर तंत्र इथे आहे, सरकारी योजनेतून काही मुलांना पैसाही मिळतो, आणि तरी उल्हासनगरसारख्या ठिकाणाहून, जिथल्या सिंधी समाजात थॅलेसेमियाचे वाहक जास्त आहेत, मुले मोठ्या यकृतासह उशिरा येतात ती औषध अधूनमधून खंडित झाल्यामुळे. या प्रश्नात रेणूंइतकेच महत्त्व औषधाच्या नियमित पुरवठ्याला आहे.

एक गैरसमज होऊ शकतो, तो इथेच दूर करायला हवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. आजचे व्याख्यान ऐकून कुणी घरच्या गरोदर सुनेच्या गोळ्या बंद करू नयेत. तिचे ट्रान्सफेरिन रिकामे आहे, तिची मज्जा लोह उचलायला टपून बसली आहे. हिवतापाच्या प्रदेशात सरसकट लोह वाटल्याने मुलांचे आजार वाढल्याचे टांझानियातल्या पेंबा बेटावर दिसले आणि ती चाचणी थांबवावी लागली, हे खरे. तिथे लोहाचा साठा आधीच बरा असलेल्या मुलांनाही गोळ्या मिळत होत्या. रिकाम्या जागेत घातलेले लोह आणि भरलेल्या जागेत ओतलेले लोह यांत जो फरक आहे, तोच पेंबात आणि वॉर्डात आहे.

प्रत्यारोपण यशस्वी झाल्यानंतर मात्र लोह बिनधास्त काढता येते, आणि काढायलाच हवे. मूल आता स्वतःचे रक्त बनवते, म्हणून शीर कापून रक्त सोडण्याचा जुना इलाज पुन्हा उपयोगी पडतो. पेसारोची पद्धत अशी: दर चौदा दिवसांनी किलोमागे सहा मिलिलिटर रक्त काढायचे. तीस किलोच्या मुलाचे १८० मिलिलिटर, आणि हिमोग्लोबिन १२ असेल तर त्यात सत्तरेक मिलिग्रॅम लोह. त्या मुलांचे किती रक्त काढल्यावर साठा संपला ते मोजूनच तिथले संशोधक आंजेलुच्ची यांनी २००० साली दाखवले की यकृताच्या एक ग्रॅम कोरड्या वजनात जितके मिलिग्रॅम लोह असेल त्याला १०.६ने गुणले की शरीराच्या किलोमागचे लोह कळते. आज एमआरआयचा जो आकडा रिपोर्टात छापून येतो त्याच्या मागे या मुलांच्या रक्ताचा हिशेब आहे. यकृतात ग्रॅममागे १५ मिलिग्रॅम असेल तर या मुलाच्या अंगात पावणेपाच ग्रॅमच्या आसपास लोह आहे, आणि ते संपायला अडीच वर्षे लागतील. कंटाळवाणे काम आहे, घरच्यांना वाटते आजार तर बरा झाला, आणि सहा महिन्यांत खेपा थांबतात.

शेवटी मोजमापाबद्दल. मोकळे लोह थेट मोजणारी तपासणी मोजक्या प्रयोगशाळांत होते, आणि डेफेरासिरॉक्स चालू असेल तर तिच्या आकड्यांचा अर्थ लावणे अवघड जाते. ती सगळीकडे येईपर्यंत थांबायचे कारण नाही. ट्रान्सफेरिन किती टक्के भरले आहे हे तालुक्याच्या गावातल्या प्रयोगशाळेतही कळते आणि त्याला फार पैसे पडत नाहीत. ७०-८० टक्क्यांच्या पुढे मोकळे लोह असते एवढा अंदाज त्यावरून पुरेसा येतो. आजच्या केसपेपरवर प्रत्यारोपणापूर्वीचे फेरिटिन एकदा लिहिलेले असते आणि पुढे लोहाची नोंदच नसते. त्याऐवजी किमोच्या आधी, मूळपेशी सोडण्याच्या दिवशी, नंतर काउंट वर येईपर्यंत आठवड्यातून दोनदा, आणि ताप आल्यावर रक्ताचे कल्चर पाठवताना त्याच नमुन्यात, अशी ट्रान्सफेरिनची नोंद ठेवावी. वेल्लोर, मुंबई, पुणे, दिल्ली इथल्या केंद्रांनी पाच वर्षे एवढे केले तर कोणता जंतू कोणत्या टक्केवारीला रक्तात सापडतो याचा भारतातल्या रुग्णांचा तक्ता तयार होईल. आर्कान्सा आणि बॉस्टनचे आकडे इथल्या मुलांना कितपत लागू पडतात, ते तेव्हा तपासता येईल.